समुपदेशनातला उपदेश

रोल-प्ले हा समुपदेशनाच्या प्रशिक्षणवर्गातला ठरलेला प्रकार. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. समजा, एका खुर्चीत बसणारीने लालबागच्या चाळीतली पन्नाशीची बाई व्हायचंय. नवऱ्याचं काम सुटलंय, मुलगा घरात बोलत नाही, तीन महिने धड झोप नाही, आणि 'कशातच करमत नाही' यापलीकडे तिला काही सांगता येत नाही. दुसऱ्या खुर्चीतल्या मुलीने तिच्याशी दहा मिनिटं बोलायचं. बाकीच्यांनी घड्याळाकडे बघत एवढंच टिपायचं, की पहिला सल्ला कितव्या मिनिटाला आला.

दुसरं मिनिटही सहसा पुरं होत नाही. "मावशी, मन कशात तरी रमवा." "सकाळी जरा चालून येत जा." "आजकालची मुलं अशीच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." सांगणारीच्या बोलण्यात माया असते, घाईही असते. समोरची बाई मात्र आक्रसत जाते आणि शेवटी "हो गं, करते" म्हणून सुटका करून घेते. मुलाचं काय बिनसलं, झोप नेमकी कधीपासून गेली, हे विचारायचं राहूनच जातं.

मराठीत या कामाला 'समुपदेशन' हा शब्द रुळला आणि त्याच्या पोटात 'उपदेश' तसाच राहिला. प्रशिक्षणाचे पहिले कितीतरी तास तो बाहेर काढण्यात जातात.

हे शिकायला येणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नसतात. रुग्णालयातले समाजसेवक, एचआयव्ही किंवा क्षयरोगाच्या केंद्रातले समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रातले कार्यकर्ते, हेल्पलाइनवर फोन घेणारे, मनोविकार वॉर्डातल्या परिचारिका, शाळेत स्वमग्न मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मदतनीस, अशी ही पहिल्या पायरीवरची मंडळी. डॉक्टरकडे पोचण्याआधी आणि डॉक्टरकडून परतल्यावर पेशंटला भेटतात ती हीच माणसं.

त्यांच्यावर एवढा भार का, हे आकड्यांतून कळतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण चित्र फार वेगळं असण्याचं कारण नाही. १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. देशात लाख माणसांमागे मानसोपचारतज्ज्ञ साधारण ०.७५, म्हणजे पुरता एकही नाही. त्यातले बरेचसे मोठ्या शहरांत. एक डॉक्टर तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तोवर लोकांचं ऐकायचं कोणी?

मुंबईने या प्रश्नाशी झटापट सुरू केली त्याला आता नव्वद वर्षं होत आली. त्याआधीचा इतिहास भिंतींचा आहे. एकोणिसाव्या शतकात कुलाब्याला वेड्यांचं इस्पितळ होतं, पुढे १९०१ च्या सुमारास ठाण्याच्या नौपाड्यात नवं उभं राहिलं. तिथल्या नोकरांचं काम प्रामुख्याने राखणीचं. रुग्णाला बोलतं करणं हे काम आहे आणि त्याचं शिक्षण द्यावं लागतं, ही कल्पना मध्य मुंबईतल्या नागपाड्यात रुजली. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तिथे १९२७ साली 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू केलं होतं. त्याच वास्तूत १९३६ साली 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क'चे वर्ग भरू लागले. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस', ती हीच.

दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र उघडलं, देशातलं पहिलं. हट्टी, अबोल, शाळेत न टिकणारी मुलं तिथे येत. मुलाला डॉक्टर तपासायचा, पण मुलाच्या घरी जाऊन आईबापांशी बोलण्यासाठी मानसोपचार क्षेत्रातला समाजसेवक नेमलेला असे. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू केला. मनाचा रुग्ण आता शहराबाहेरच्या भिंतीआड न जाता सर्वसाधारण रुग्णालयाच्या ओपीडीत, इतरांच्याच रांगेत उभा राहू लागला. परळच्या केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी हा विभाग वाढवला आणि पुढे पतंजलींच्या योगसूत्रांच्या आधारे एक उपचारपद्धतीही आखली. १९४८ मध्ये टिसने वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्याचं स्वतंत्र शिक्षण सुरू केलं. १९५५ साली न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय निघालं. गिरगावपासून परळपर्यंतच्या रुग्णालयांत फिल्डवर्कची वही घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या या दोन संस्थांनी घडवल्या.

आजही हे काम जवळून बघायचं तर परळ गाठावं. १९२६ चं केईएम, त्याच्या आसपासच वाडिया कुटुंबाने उभारलेली प्रसूतीची आणि मुलांची दोन रुग्णालयं, १९४१ चं टाटा मेमोरियल, आणि थोडं पुढे गेलं की शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. चार-पाच किलोमीटरच्या परिसरात दुखण्याचे इतके प्रकार एकत्र आलेत की शिकणाऱ्याला पुस्तकातलं प्रत्येक पान इथे चालतंबोलतं भेटतं.

आणि मनाचं काम इथे फक्त मनोविकार विभागात चालत नाही. टाटा मेमोरियलच्या बाहेर बिहार-बंगालहून आलेलं कुटुंब फुटपाथवर पथारी टाकून राहतं, त्याला धर्मशाळा कुठली, ट्रस्टचा अर्ज कुठे करायचा, हे सांगणंही समाजसेवकाचंच काम. कर्करुग्णांना आधार देणारी 'व्ही केअर' ही संस्था वंदना गुप्ता यांनी १९९४ साली सुरू केली. त्या स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या. त्यांचे अनेक स्वयंसेवकही त्याच वाटेने आलेले. केमोनंतर केस गेलेल्या बाईसमोर अशी बाई येऊन बसली की निम्मं काम न बोलताच होतं. शिवडीला औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाचा पेशंट महिनोन् महिने गोळ्या घेतो. मळमळ होते, काम सुटतं, घरात ताट-वाटी वेगळी केली जाते. अशा वेळी गोळ्या चालू राहतात की सुटतात, हे बऱ्याचदा समुपदेशकाशी असलेल्या नात्यावर ठरतं.

गिरणगावातल्या पेशंटचं मन त्याच्या खोलीपासून वेगळं काढता येत नाही, हेही इथेच शिकावं लागतं. १९८२ च्या गिरणी संपाचं ओझं कित्येक घरांनी पुढच्या पिढीपर्यंत वाहिलं. आता पुनर्विकासाचा काळ आहे. झोप का लागत नाही, याचं उत्तर कधी संक्रमण शिबिरातल्या चौदाव्या मजल्यावर असतं. तिथे दार उघडं टाकून गप्पा मारायला शेजार नाही आणि म्हाताऱ्या सासूला लिफ्टची भीती वाटते. नुसती लक्षणं मोजणाऱ्याच्या हाती यातलं काही लागत नाही.

मग अशी माणसं घडवायला किती शिक्षण लागतं? या प्रश्नाचं सगळ्यात नेटकं उत्तर गोव्यातून आलं. 'संगात' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. संगातने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक समुपदेशक बसवले. मानसिक आरोग्याचं कुठलंही औपचारिक शिक्षण नसलेली, कोंकणी-मराठी-हिंदी बोलणारी साधी माणसं. त्यांना सुमारे तीन आठवडे वर्गात शिकवलं आणि त्यानंतर सहा महिने प्रत्यक्ष पेशंटसोबत, देखरेखीखाली काम करायला लावलं. वर्गाचे आठवडे तीन आणि देखरेखीचे महिने सहा, हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

नैराश्यासाठीचा त्यांचा उपचार सहा ते आठ भेटींचा. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी देवळात जाणं सुटतं, मग शेजारीण सुटते, मग केस विंचरणं. सोडल्यामुळे मन आणखी खचतं आणि खचल्यामुळे आणखी सुटतं. समुपदेशकाने पेशंटसोबत बसून हा फेरा कागदावर मांडायचा आणि एक अगदी छोटी गोष्ट परत सुरू करायची. 'उद्या संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत बसून चहा', इतकी छोटी. ती जमली का, जमली नाही तर आड काय आलं, हे पुढच्या भेटीत बघायचं.

२०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. या समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दारूच्या त्रासासाठी याच समुपदेशकांनी वेगळी पद्धत वापरली, तिथे ३६ विरुद्ध २६ असा फरक पडला. दारूचं दुखणं जास्त चिवट, हे आकडेही सांगतात. डॉक्टर नसलेल्यांना असं काम शिकवण्याचा प्रयोग इतरत्रही झाला. झिम्बाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाक टाकून वस्तीतल्या आज्यांना तिथे बसवण्याची योजना डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून राबवली. आपल्याकडे विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पाने ३० गावांत गावातल्याच लोकांना तयार केलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात, हे आता जरा बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट भाषा. नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरली जाते ती पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. कागदावर सोपी. पण परळच्या ओपीडीत "मला नैराश्य आलंय" म्हणणारा पेशंट क्वचितच सापडतो. तो म्हणतो, "डोकं जड होतं", "छातीत धडधडतं", "करमत नाही", "कसंतरीच होतं", "टेन्शन आहे". कुणी दबक्या आवाजात "बाहेरचं काही असेल का?" असंही विचारतो. शिकणाऱ्याने या शब्दांना हसायचं नाही आणि लगेच वैद्यकीय नावही चिकटवायचं नाही. 'करमत नाही' हे दोन शब्द नीट ऐकले तर यादीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांतच मिळतं.

यादीतला नववा प्रश्न विचारताना नवख्याची जीभ अडखळते. स्वतःला संपवावं असं मनात येतं का? विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती सगळ्यांनाच वाटते. ती खरी नाही, आत्महत्येचं विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. म्हणून हे एक वाक्य वर्गात पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणायला लावतात, नजर खाली न घालता. उत्तर 'हो' आलं तर पुढे काय विचारायचं, पेशंटला एकटं न सोडता वरिष्ठांना कसं गाठायचं, हेही पाठ करून घेतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त.

दुसरी गोष्ट गुप्तता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पेशंटला ती हक्क म्हणून देतो. पण बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत गुप्तता कुठे ठेवायची? घरभेटीला गेलं की सामायिक गॅलरीतली दारं उघडतात, "कोण गं ही? कुठून आली?" संस्थेचं नाव छापलेली पिशवी खांद्याला असेल तर उत्तर द्यायचीही गरज नाही, सगळ्या मजल्याला कळलेलं असतं. म्हणून ओळखपत्र पिशवीत ठेवणं, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते पेशंटशी आधीच ठरवणं, गरज पडली तर जवळच्या बागेतल्या बाकावर बसणं, हे सगळं अभ्यासक्रमाचाच भाग होऊन जातं.

तिसरी गोष्ट लिहिणं. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, म्हणजे एमएसडब्ल्यूला, आठवड्यातले काही दिवस फिल्डवर्क असतं आणि प्रत्येक भेटीची नोंद लिहावी लागते. पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं, सगळं. विद्यार्थिनी लिहिते, 'क्लायंट अस्वस्थ वाटली.' सुपरवायझर समासात लिहितात, 'कशावरून? काय दिसलं?' पुढच्या आठवड्यात वाक्य बदलतं: 'पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, दोनदा दाराकडे पाहिलं.' आणखी महिनाभराने त्याच वहीत आपसूक कबुलीही येते: 'ती रडायला लागल्यावर मी विषय बदलला.' अशी कबुली आली की सुपरवायझरचं खरं काम सुरू होतं.

या कामात शिरायच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींत बऱ्याच गुंतलेल्या आहेत. मानसशास्त्रात बीए झालं म्हणजे मानसशास्त्रज्ञ झालं असा गैरसमज घरोघरी दिसतो. पदवीनंतर एमए किंवा एमएसडब्ल्यू केलं की समुपदेशक वा समाजसेवक म्हणून अर्ज करता येतो. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण आणि नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही. इतकी वर्षं त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल लागायचं. नव्या शिक्षण धोरणात एमफिलच बंद झाल्याने आता त्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. परिचारिकांसाठी नोंदणीनंतर मनोविकार शुश्रूषेची एक वर्षाची पदविका आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करायचं असेल तर मुंबईत २००१ पासून काम करणारी 'उम्मीद' ही संस्था वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांना बालविकासाचं प्रशिक्षण देते.

पदवीशिवायचीही एक वाट आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलं. पु. ल. देशपांडे त्याच्या पाठीशी होते. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढे समुपदेशक झाली. 'एकदाच घेतली, शपथ' हे वाक्य त्यांनी स्वतः कितीदा म्हटलेलं असतं, त्यामुळे त्यांना ते ऐकवून चालत नाही. दादरच्या 'समॅरिटन्स मुंबई'सारख्या ठिकाणी स्वयंसेवक तयार होतात. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूने सुरू केलेल्या या चळवळीचा पहिला दंडकच सल्ला न देण्याचा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन उचलणारेही प्रशिक्षित समुपदेशकच. त्यांना सुटणार नाही ते पुढच्या टप्प्यावरच्या तज्ज्ञाकडे जातं.

कायद्याने या पायरीची दखल अलीकडे घेतली. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात 'वर्तन-आरोग्य' असा स्वतंत्र गट आहे. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय आणि मानसोपचार समाजसेवक, एचआयव्ही समुपदेशक आणि अगदी शेवटी मानसिक आरोग्य साहाय्यक. ज्यांना आजवर नावच नव्हतं त्यांना निदान नाव मिळालं. त्याच कायद्याचा धागा धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासह या गटातले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला बंदी केली. नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्या बायकांची त्याने अडचण झाली, हे खरं. पण रोल-प्लेतली ती दुसरी खुर्ची पोस्टाने घरी पाठवता येत नाही, हेही तितकंच खरं.

नोंदणीची घडी बसेपर्यंत बाजार मोकळा आहे. काही रविवारांचा वर्ग करून 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे दादरला जसे आहेत तसे इतर कुठेही आहेत. मुलीला अशा वर्गाला घालणाऱ्या पालकांनी फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? प्रत्यक्ष पेशंटसोबत किती तास? ते कोणत्या रुग्णालयात किंवा संस्थेत? या तिन्हींची उत्तरं माहितीपत्रकात सापडू शकतात. चौथा प्रश्न समोर बसूनच विचारावा लागतो: हिचं चुकलं तर ते कळणार कोणाला? संगातच्या समुपदेशकांची सेशन्स रेकॉर्ड होत आणि सहकारी एकत्र बसून ती ऐकत, गुण देत. एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थिनीला ते वहीच्या समासात मिळतं. काही वर्गांत मात्र या प्रश्नावर प्रमाणपत्राचा नमुना दाखवतात, सोनेरी शिक्क्याचा.